शेजाऱ्याची व्याख्या

मी सांगतो त्यातलं निम्मं ऐकताक्षणी वजा करावं, असा म्हैसूरच्या आमच्या देवराज मोहल्ल्यातल्या गल्लीचा जुना ठराव आहे. ठराव योग्यच आहे. धंदा शिंप्याचा, तेव्हा दाब मारून, चुण्या घालून सांगायची सवय जिभेलाही लागली. पण हनुमंतरावांबद्दल जे सांगणार आहे त्यात वजाबाकी जरा जपून करा. ते असते तर त्यांनी ती स्वतःच लाल पेनने केली असती आणि माझ्याकडे नुसती क्रियापदं उरली असती.

त्यांची माझी दुकानं एका भिंतीची. इकडे माझं लेडीज टेलरिंग, तिकडे त्यांचं ब्लाऊजपीसचं दुकान. वर माझं घर, त्यांचं घर, आणि मध्ये तीच भिंत. घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. आजोबांच्या वेळी परसात निळीचे हौद होते. वडिलांच्या वेळी लाकडी ठसे तेवढे राहिले आणि हनुमंतरावांच्या वेळी ते ठसे एका पेटीत जाऊन बसले. पण हाताने धंदा सोडला नव्हता. कापडावर ठसा टेकवला की त्याच्या पाठीवर मुठीच्या कडेने एक दणका द्यायचा असतो, म्हणजे रंग सगळीकडे सारखा उतरतो. हनुमंतरावांच्या मनासारखं काही जमलं की ते काउंटरवर तसाच दणका द्यायचे. कोडं सुटलं, दणका. पायसम् नीट आटलं, दणका. त्या दणक्यांनी भिंतीपलीकडे माझी बटणांची बरणी सात वेळा फुटली. (एकदा. पण फुटली.)

मोहल्ला त्यांना ‘अ‍ॅक्ट रायरू’ म्हणायचा. रायरू म्हणजे रावसाहेब. हे नाव त्यांना फार उशिरा मिळालं, सत्तरी जवळ आल्यावर. त्याआधी ते साधे हनुमंतराव होते आणि कायद्याशी त्यांचा संबंध ‘येथे थुंकू नये’ वाचून न थुंकण्यापुरता होता. नाव कशामुळे बदललं ते सांगायचं तर सुभद्रावैनी गेल्या तो दिवस सांगावा लागेल. त्यात वजा करायला काही नाही.

हनुमंतराव शिमोग्याला एका लग्नाला गेले होते. मूलबाळ नाही, त्यामुळे वैनी घरी एकट्याच. सकाळी साडेदहाच्या सुमाराला त्या आमच्याकडे विरजण मागायला आल्या. आमच्या घरचं विरजण त्यांच्याकडे, त्यांचं फसलं नाही तर आमच्याकडे, हे दोन्ही सासवांच्या काळापासून चाललेलं. वाटी हातात, आणि उंबऱ्यावरच बसल्या. “शालिनी, माझं डोकं बघ ग कसं करतंय,” एवढंच माझ्या बायकोला म्हणाल्या आणि तोंड एका बाजूला वळलं. ती वाटी जिन्यावरून गडगडत खाली माझ्या मशीनपाशी आली. वाटी बघून मी वर धावलो.

रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर धावत आले, तपासलं, मेंदूत रक्तस्राव झालाय, ताबडतोब ऑपरेशन म्हणाले. आणि मग एक टेबल आडवं आलं. टेबलामागच्या माणसाने फॉर्म पुढे सरकवत विचारलं, “नीवु अवरिगे एनागबेकु?” तुम्ही त्यांचे कोण लागता?

आता मी कोण? दसऱ्याचा हत्ती झुलीचं माप द्यायला माझ्या दुकानात येतो आणि उधारीवर ऐकत नाही, असं शपथेवर सांगणारा मी. लग्नाच्या पंगतीत मी चार वेगवेगळ्या पाहुण्यांना चार वेगवेगळी वयं सांगितली आहेत. भाऊ म्हणालो असतो, दीर म्हणालो असतो, कोण शहानिशा करणार होतं? पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून खरं निसटून जातं.

मी म्हणालो, “पक्कद मनेयवरु.” शेजारचे.

त्याने फॉर्म परत ओढून घेतला. “रिलेटिव्हना बोलवा. सही त्यांची लागते.”

शिमोग्यात वरात निघाली होती. हनुमंतरावांचा फोन पिशवीत आणि पिशवी मंगल कार्यालयात. मी दहा-दहा वेळा लावत राहिलो. मध्येच टेबलापाशी परत जाऊन म्हणालो, “मी भाऊ आहे त्यांचा.” तो माणूस वाईट नव्हता. दमलेला होता. म्हणाला, “सार, आत्ताच तर शेजारी म्हणालात.” फोन लागेपर्यंत दीड तास गेला.

ऑपरेशन झालं. वैनी त्यातून उठल्या नाहीत. आधी झालं असतं तर उठल्या असत्या का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

तेराव्याच्या जेवणानंतर सगळे गेल्यावर हनुमंतरावांनी मला जवळ बसवलं.

“दामू, तिथे तू काय म्हणालास?”

“शेजारी म्हणालो.”

“खरं बोललास.”

मी बसल्या चटईची एक काडी उपटायला लागलो.

“तू खोटं बोलायला पाहिजे होतंस असं मी म्हणत नाही,” ते म्हणाले. “पण खरं बोलल्यावर माणूस मरायला नको, अल्वा, हो ना? असा एक कायदा पाहिजे. कुणीतरी लिहायला पाहिजे की तो.”

कुणीतरी म्हणजे कोण, हे मला महिनाभराने कळलं. दुपारी दोन ते चार मोहल्ला पेंगत असतो. भिंतीपलीकडून इंग्रजी बोलणाऱ्या बाईचा आवाज येऊ लागला. मी गेलो. काउंटरवर शेराच्या मापाला टेकवून फोन उभा केलेला, पडद्यावर पिकल्या केसांची एक गोरी बाई आणि समोर डोक्यावर टोपी, पायांत चपला नाहीत, वही उघडी, असे हनुमंतराव.

“दामू, गप् बस. बाई शिकवतायत.”

झालं होतं असं की त्यांनी फोनला कन्नडमध्ये विचारलं होतं, कानूनु हेगे बरेयोदु? कायदा कसा लिहायचा? आणि फोनने सांगितलं. कुठल्याशा थंड देशातल्या विद्यापीठाने विधेयकाचा मसुदा कसा करावा याचे सगळे धडे उघडे टाकले होते. फुकट. भर समुद्रातल्या कुठल्याशा बेटाच्या सरकारने आपल्या मसुदे लिहिणाऱ्यांसाठी केलेलं आख्खं पुस्तक टाकलं होतं. फुकट. ते बेट एवढंसं, की आमच्या मार्केटात दसऱ्याच्या फुलांना होते त्या गर्दीएवढीही वस्ती नसावी. आपल्या दिल्लीचंही एक मार्गदर्शन होतं, तेही फुकट, पण ते वाचायला दुसरं मार्गदर्शन लागायचं.

“ब्लाऊजला अस्तर लावायला शिकताना तू तीन वर्षं उस्तादाच्या शिव्या खाल्ल्यास,” हनुमंतराव म्हणाले, “आणि इथे बघ, देश चालवायचं सुम्ने शिकवतात. उगीच! कुणी विचारतसुद्धा नाही, तू कोण रे बाबा.”

हे ‘कुणी विचारत नाही’ त्यांना फार लागलं होतं. आयुष्यात एकदा विचारलं होतं, तेव्हा काय झालं ते माहीत होतं.

बाईंचा धडा सुरू करण्याआधी ते “नमस्कार बाई” म्हणत आणि संपल्यावर “बरं, येतो” म्हणून मगच फोन आडवा करत. मध्ये वादही घालत. बाईंचं म्हणणं, जुना ‘शॅल’ काढून टाका, साधं ‘मस्ट’ लिहा. “बाई, तुमच्याकडे चालेल,” हे पडद्याला सांगायचे, “आमच्याकडे शॅल म्हटल्याशिवाय शिपाई उठत नाही.” बेटाच्या पुस्तकात एका पानावर कलमांचे आकडे चुकले होते. यांनी पत्ता शोधून मेल पाठवली. बेटाचं उलट उत्तर आलं, आभारी आहोत, दुरुस्त केलं. त्या बेटाच्या राजाने तारेवरून हनुमंतरावांना पानसुपारीचं आमंत्रण दिलं, असं मी गल्लीत सांगितलं. त्यांनी ते घरोघर जाऊन खोडलं.

शिकताना त्यांना एक गोष्ट पटकन कळली, जी बी.ए., एल्‌एल्‌.बी.वाल्यांना कळत नाही म्हणे. आधी सांगाडा, मग शब्द. “हे तर आमचंच की,” ते म्हणाले. “रेघेचा ठसा आधी, रंग भरायचा ठसा नंतर. रेघ हलली तर मोर काढायला जाशील आणि कोंबडी होईल.” पेटीतला एक ठसा काढून त्यांनी तो काउंटरवर कायमचा ठेवला. त्यावर हात ठेवून विचार करत.

दुसरी गोष्ट भाषेची. आमची म्हैसूरची मराठी म्हणजे घरच्या वाटेने निघते आणि अर्ध्यात कन्नडच्या गल्लीत वळते. तिच्यात कायद्याला शब्द नाही. म्हणून त्यांनी महाराष्ट्राच्या सरकारने टाकलेले मराठी अधिनियम वाचायला घेतले, तेही फुकटच, आणि दोन वर्षांत आख्ख्या म्हैसुरात सर्वांत शुद्ध मराठी त्यांची झाली. फक्त ती माणसांशी बोलायची मराठी नव्हती. आमच्याकडे येऊन म्हणायचे, “शालिनी, चहा देण्यात यावा. परंतु असे की, साखर स्वल्प.” शालिनी आतून म्हणायची, “भावजी, वाटलं तर नुसतं ‘दे’ म्हणा, मला काय राग येत नाही.” मंडईत भाजीवाल्याला ‘उपरोक्त वांगी’ दाखवायचे. तो बिचारा वर छताकडे बघायचा.

आमच्या समाजाच्या देवळाच्या कमिटीने त्यांना एकदा चपला बाहेर काढण्याची पाटी लिहायला सांगितली. एका ओळीचं काम. हनुमंतरावांनी चार पानं दिली. कलम दोनमध्ये चपलेची व्याख्या होती आणि तीत सँडल, बूट, स्लिपर आणि ‘तत्सम पादत्राणे’ येत होती. पाटी एवढी मोठी झाली की तिच्यामागे चपलांचं कपाट दिसेना. चौथ्या दिवशी एक आडदांड गृहस्थ मोजे घालून थेट गाभाऱ्यापर्यंत आला आणि म्हणाला, पादत्राणात मोजा बसत नाही. कमिटी खवळली. हनुमंतरावांनी त्या माणसाचा हात धरून त्याला ओट्यावर बसवलं, कॉफी पाजली आणि म्हणाले, “गुरुदेव, आणखी कुठे फट दिसते का बघा.” भोक दाखवणाऱ्याचा त्यांना कधी राग आला नाही.

पण खरी भानगड त्यांच्या स्वतःच्या कायद्यात होती. एका ओळीत सांगायचं तर तो असा: दवाखान्यात आणलेल्या माणसाचं नात्याचं कुणी हजर नसेल तर शेजाऱ्याची सही चालेल. सोपं. मग बाईंनी पडद्यावरून सांगितलं, ज्या शब्दावर सगळा कायदा उभा आहे त्याची व्याख्या आधी करा.

शेजारी म्हणजे कोण?

दर रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर बैठक बसायची. पहिल्या मसुद्यात होतं, ‘लगतच्या घरात राहणारी व्यक्ती’. एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला गोडाऊन. “म्हणजे मला मूर्च्छा आली तर सही खताची पोती करणार?” हनुमंतरावांनीच विचारलं आणि खोडलं.

दुसऱ्यात होतं, ‘शंभर फुटांच्या आत’. माझी टेप आणली. उंबऱ्यापासून मोजत निघालो, मी पुढे, ते मागे वही घेऊन, त्यांच्यामागे निम्मा मोहल्ला. शंभरावा फूट कॉफी पावडरवाल्या शेट्टीच्या दुकानात नेमका गिरणीवर पडला.

“म्हणजे रायरे,” शेट्टी म्हणाला, “मी गिरणीच्या अलीकडे उभा असलो तर शेजारी, आणि पलीकडे बिया ओतायला गेलो तर परका?”

“तात्त्विकदृष्ट्या, होय.”

“मग तुम्ही पडायच्या आधी एक हाक मारा, मी अलीकडे येतो.”

खोडलं. तिसऱ्यात ‘पाच वर्षे वास्तव्य’ घातलं. समोरच्या खोलीत नवीनच राहायला आलेली कारकून मुलगी म्हणाली, “काका, मागच्या महिन्यात तुम्हाला ताप आला तेव्हा गोळ्या मी आणल्या. मी येऊन चारच महिने झालेत.” खोडलं.

असे अकरा मसुदे. मग एका रविवारी शालिनी, जी या बैठकीला नेहमी जिन्यावरून हसायची, ती तिथूनच म्हणाली, “भावजी, एवढं काय डोकं खाजवता? वैनी ज्यांच्याकडनं विरजण न्यायच्या, ते शेजारी.”

कुणी हसलं नाही. हनुमंतरावांनी काउंटरवरचा ठसा आणून मांडीवर ठेवला. मग सांगू लागले की आजोबांच्या वेळी निळीचा हौद आंबवावा लागायचा आणि कधीतरी तो मरायचा. म्हणजे रंगच धरायचा नाही. तेव्हा शेजारच्या रंगाऱ्याच्या जिवंत हौदातलं तांब्याभर पाणी आणून आपल्या हौदात ओतायचे, दोन दिवसांत हौद परत उठायचा. भांडण असलं तरी द्यायचं. गिऱ्हाईक पळवलं असलं तरी द्यायचं. तो रिवाज होता. “मेलेल्या हौदाला नाही म्हणायचं नाही,” ते म्हणाले.

बारावा मसुदा असा: ‘शेजारी म्हणजे अशी कोणतीही व्यक्ती, जिच्या घरातून संबंधित व्यक्ती, न लाजता, विरजण किंवा तत्सम वस्तू मागू शकते.’

दणका बसला. माझी कात्री टेबलावरून खाली पडली. (ही खरोखर पडली.)

सगळी मिळून नऊ कलमं झाली. पहिल्या कलमात कायद्याचं नाव आणि तो अंमलात येण्याची तारीख. ती जागा त्यांनी टिंबं देऊन मोकळी सोडली होती. मी म्हटलं, घाला की काहीतरी, चांगला मुहूर्त बघून. तर म्हणाले, “ती तारीख लिहिणाऱ्याच्या हातात नसते, दामू. लिहिणाऱ्याने जागा सोडायची.” मसुदा कन्नडमध्ये करून, टाइप करून, ते एका आमदारांच्या कार्यालयात देऊन आले. पोचेचा शिक्का मिळाला. पुढची दोन वर्षं ते दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी विचारायला जायचे आणि तिथली माणसं त्यांना कॉफी द्यायची. कॉफी चांगली असते म्हणाले.

मग कुणीतरी सुचवलं, एकदा जाणत्या माणसाला दाखवा. जयलक्ष्मीपुरमला एक म्हातारे वकील राहत होते, आमच्याच समाजाचे, कायदा शिकवून निवृत्त झालेले. मी बरोबर गेलो. वकीलसाहेबांनी व्हरांड्यात बसून नऊच्या नऊ कलमं वाचली, काही दोनदा वाचली. विरजणापाशी हसले, पण वाईट हसले नाहीत.

“हनुमंतराव, हे कुठे शिकलात?”

“फोनवर. फुकट असतं सगळं.”

“माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांना इतकं स्वच्छ लिहिता आलं नसतं,” ते म्हणाले आणि चष्मा काढला. “पण एक विचारू? जीव जायची वेळ आहे, माणूस शुद्धीवर नाही, नात्याचं कुणी जवळ नाही, अशा वेळी डॉक्टरने सहीसाठी थांबलंच पाहिजे असं मुळात नाहीच. त्याने पुढे जायचं असतं. हे आधीपासून आहे.”

हनुमंतराव म्हणाले, “म्हणजे?”

“म्हणजे सही लागतच नव्हती. कुणाचीच.”

व्हरांड्यात एक झोपाळा होता, तो आपोआप हलत होता. हनुमंतरावांनी मसुदा घडी घालून पिशवीत ठेवला.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, “पहिला धडा. बाईंचा पहिलाच धडा हा होता. लिहायच्या आधी बघा, कायदा आधीच आहे का. तासाभराचा होता. मला वाटलं, मला ठाऊक आहे काय पाहिजे ते. मी थेट दुसऱ्यापासून सुरू केलं.”

इतकी वर्षं मी स्वतःला एका खोट्यासाठी खात होतो, जे मी वेळेवर बोललो नाही. आता कळलं, खोट्याचीही गरज नव्हती. टेबलावर हात आपटून ‘सुरू करा’ एवढं ओरडायला हवं होतं. आणि ओरडणं तर माझं जन्मजात. माप घेताना गिऱ्हाईक हललं तरी मी ओरडतो.

आठ दिवस त्यांचं दुकान बंद होतं. दुपारी बाईंचा आवाज नाही, दणका नाही. शालिनी दोन्ही वेळा ताट नेऊन द्यायची, निम्मं परत यायचं. मी भिंतीला कान लावून बसायचो. तिकडे माणूस आहे की नाही तेही कळायचं नाही.

नवव्या दिवशी दणका आला. हळू, पण आला. मी गेलो.

“बस,” ते म्हणाले. “मी विचार केला. सही लागत नव्हती, तरी त्याने मागितली. का? घाबरला. उद्या कुणी येऊन गळा धरेल म्हणून. त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं, की बाबा, तू घाबरू नकोस.” वही माझ्यापुढे केली. “कलम सात बदललंय. सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण. हे प्रत्येक कायद्यात असतं, मी आधी नुसतं उतरवलं होतं. वाच.”

पहिल्या पोटकलमात डॉक्टर आणि टेबलामागचा माणूस होते. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी चांगल्या हेतूने पाऊल उचललं तर त्यांच्यावर कोणताही दावा चालणार नाही. दुसरं पोटकलम नवीन होतं. मी ते मोठ्याने वाचायला घेतलं.

‘शेजाऱ्याने आपले नाते खरे सांगितल्याबद्दल त्याच्यावर कोणीही, स्वतः त्या शेजाऱ्यासह, दोष ठेवणार नाही.’

‘स्वतः’ या शब्दापाशी मी वही खाली ठेवली. हनुमंतरावांनी माझ्याकडे पाहिलं नाही. लाल पेनचं टोपण घालत, काढत राहिले. “‘कोणीही’ म्हटल्यावर स्वतः तो त्यात येतोच,” ते म्हणाले, “बाईंच्या हिशेबाने जादाचे शब्द आहेत. पण फट राहायला नको. तुला मी ओळखतो.”

मी घरी येऊन मशीनवर बसलो आणि त्या संध्याकाळी एका बाईच्या ब्लाऊजला तीन बाह्या लावल्या. (दोनच. पण दोन्ही डाव्या.)

त्यानंतर वर्षभर बरं गेलं. आमदारांच्या कार्यालयात ते नवीन प्रत देऊन आले, नवीन शिक्का आणला. समोरच्या कारकून मुलीला त्यांनी पहिल्या धड्यापासून शिकवायला घेतलं, आणि पहिला धडा तिला तीनदा ऐकायला लावला. मग पोट दुखू लागलं. सांगायचे नाहीत. एका दुपारी भिंतीवर तिकडून थाप आली. दणका नव्हे, नुसती थाप. मी धावलो तर ते ब्लाऊजपीसच्या गठ्ठ्यांना टेकून खाली बसलेले, घामाने भिजलेले.

दुसरा दवाखाना, पण टेबल तसंच. टेबलामागे एक तरुण मुलगी, कपाळावर विभूतीचं बोट. आतड्याला पीळ पडलाय, लगेच ऑपरेशन. हनुमंतराव शुद्धीवर होते, स्वतःची सही त्यांनी स्वतः केली होती, पण बरोबरच्या माणसाचीही लागते म्हणाली. फॉर्म पुढे केला आणि तोच प्रश्न आला, त्याच शब्दांत.

“नीवु अवरिगे एनागबेकु?”

मी रिक्षातच ठरवलं होतं. धाकटा भाऊ. लहानपणी एकाच वेळी कांजिण्या झाल्या, पाठीवरचे डाग दाखवू का, इथपर्यंत तयारी होती. तोंड उघडलं आणि सदरा मागून ओढला गेला. स्ट्रेचरवरून हनुमंतराव बघत होते. बोलवत नव्हतं. तर्जनी उचलून त्यांनी ती एकदाच आडवी हलवली, माझ्या बोलण्यातलं विशेषण खोडताना हलवायचे तशी.

मी म्हणालो, “पक्कद मनेयवरु.”

मुलीने मान वर केली. मला ते पहिलं टेबल दिसायला लागलं, परत ओढून घेतलेला फॉर्म दिसायला लागला.

“बेरे यारु इल्लवा?” दुसरं कुणी नाही?

“इल्ला.” नाही.

“सरि. इल्लि सैन् माडि,” इथे सही करा म्हणाली आणि पेन दिलं. नात्याच्या रकान्यात तिने स्वतःच लिहिलं, शेजारी. नऊ कलमं, डझनभर मसुदे, समुद्रातलं बेट, थंड देशातली बाई, यातलं काही त्या पोरीला ठाऊक नव्हतं. तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

मी सही करून स्ट्रेचरपाशी आलो. त्यांनी बोटाने जवळ बोलावलं. कान तोंडाशी नेला.

“तारीख घातलीस?”

“घातली. सहीखाली.”

“तिथली नव्हे.” श्वास घेतला. “पहिल्या कलमातली. घाल. आजची.”

ऑपरेशननंतर हनुमंतराव दोन दिवस होते, पण शुद्धीवर आले नाहीत. तारीख मी त्यांच्या वहीत त्या टिंबांवर लिहिली आहे, लाल पेनने. वही आता समोरच्या मुलीकडे असते. विरजणाची वाटीही हल्ली तीच घेऊन येते.

म्हणजे मी त्यांना शुद्धीवर शेवटचं पाहिलं ते त्या दुपारीच. दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलत होते, हिरवी चादर छातीपर्यंत, टोपी काढल्यामुळे डोकं उगीच लहान दिसत होतं. दाराची एक फळी उघडली, दुसरी उघडली. तेवढ्यात चादरीखालून त्यांचा उजवा हात बाहेर आला, मूठ वळली आणि मुठीच्या कडेने स्ट्रेचरच्या कठड्यावर असा दणका बसला की आख्खा दवाखाना हादरला.

(हादरला नाही. पण दणका बसला.)